नाळेतील रक्ताची खासगी बँक : सेवा चोख, हमी फुगवलेली

माझ्या मुलीच्या पहिल्या बाळंतपणात आमच्या कुटुंबाने नाळेतील रक्त साठवून ठेवणाऱ्या एका खासगी कंपनीची सेवा घेतली. पुण्यासारख्या शहरात आता कोणत्याही प्रसूतितज्ज्ञांच्या प्रतीक्षागृहात अशा दोन-तीन कंपन्यांची रंगीत पत्रके पडलेली असतात आणि सातवा महिना लागला की त्यांचे फोन सुरू होतात. पंचाहत्तर वर्षांच्या साठवणुकीची योजना, साठ हजारांच्या पुढची रक्कम आणि ती हप्त्यांनी फेडण्याची सोय, असा साधारण व्यवहार असतो. निर्णय मुलीचा आणि जावयाचा होता. महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवण्यात माझी नोकरी गेली असल्यामुळे कागद वाचण्याचे काम माझ्याकडे आले. कंपनीचे नाव देत नाही, कारण माझे बहुतेक आक्षेप या व्यवसायाच्या मांडणीवरच आहेत आणि प्रतीक्षागृहातल्या इतर पत्रकांतही मला तीच मांडणी दिसली.

आधी चांगले ते सांगते. प्रत्यक्ष सेवेत बोट ठेवायला फारशी जागा नव्हती. संकलनाची पेटी आठव्या महिन्यातच घरी आली. तिच्यात रक्त गोठू न देणारा द्राव भरलेली पिशवी, आईच्या रक्ताच्या नमुन्यासाठी नळ्या, तापमान टिकवणारे जाड आवरण आणि रुग्णालयात सही करून द्यायचे फॉर्म होते. प्रसूती पहाटे झाली, तरी फोन केल्यापासून दोन तासांच्या आत पेटी न्यायला माणूस हजर होता. प्रयोगशाळेत पोहोचल्याचा संदेश त्याच संध्याकाळी आला, आईच्या रक्ताच्या एचआयव्ही, कावीळ बी व सी आणि सिफिलिसच्या तपासण्यांचे निकाल आठवड्याभरात मिळाले आणि पेशींच्या मोजणीचा अहवालही ठरल्या मुदतीत आला. संकलनाने आईला किंवा बाळाला वेदना होत नाहीत. नाळ कापल्यानंतर तिच्या शिरेत सुई घालून वारेत उरलेले रक्त पिशवीत उतरवले जाते, एवढेच. व्यवस्थापनाच्या दृष्टीने ही सेवा मी वापरलेल्या अनेक सरकारी-खासगी सेवांपेक्षा उजवी होती.

माझी तक्रार विकल्या गेलेल्या गोष्टीबद्दल आहे.

घरी आलेला प्रतिनिधी तरुण, नम्र आणि तयारीचा होता. ‘काकू, हा खर्च समजू नका, बाळाचा जैविक विमा समजा,’ हे त्याचे पहिलेच वाक्य. त्याने पुढे केलेल्या पत्रकावर ऐंशीहून अधिक आजारांची यादी होती आणि तिच्यात ल्युकेमिया (रक्ताचा कर्करोग), थॅलेसेमिया, सिकलसेल, फॅन्कोनी अॅनिमिया (अस्थिमज्जा निकामी करणारा आनुवंशिक आजार) ही नावे ठळक अक्षरांत होती. यादी खोटी नाही. नाळेतील रक्तात रक्तपेशी तयार करणाऱ्या स्टेम सेल असतात आणि त्यांच्या प्रत्यारोपणाने हे आजार बरे करता येतात, हे अनेक वर्षांपासून सिद्ध आहे. त्या रक्ताचे पहिले प्रत्यारोपण ऑक्टोबर १९८८ मध्ये पॅरिसच्या सेंट-लुई रुग्णालयात डॉ. एलियान ग्लुकमन यांनी केले. फॅन्कोनी अॅनिमिया झालेला मुलगा पाच वर्षांचा होता आणि रक्त होते त्याच्या नवजात बहिणीचे.

बहिणीचे, हा त्या घटनेतला कळीचा भाग आहे आणि पत्रकात तो कुठेही नाही. थॅलेसेमिया किंवा सिकलसेल जनुकातील दोषामुळे होतात. तो दोष बाळाच्या प्रत्येक पेशीत, म्हणजे त्याच्या नाळेतील पेशींतही असतो. स्वतःचेच रक्त परत देऊन असा आजार बरा होणार नाही. लहान मुलांच्या ल्युकेमियातही असाच अडसर आहे. ज्या जनुकीय बदलातून पुढे कर्करोग होतो तो काही मुलांच्या रक्तात जन्मतःच हजर असल्याचे, नवजात बालकांच्या जपून ठेवलेल्या रक्ताच्या ठिपक्यांच्या तपासणीतून दिसले आहे. म्हणून डॉक्टर अशा मुलाला त्याचे स्वतःचे साठवलेले रक्त सहसा देत नाहीत. यादीतील बहुतेक आजारांत उपयोगी पडते ते दुसऱ्या कोणाचे तरी जुळणारे रक्त. विमा म्हणून विकलेली पिशवी विमेदाराच्या बहुतेक संकटांत त्याच्याच कामाची नसते. स्वतःचे साठवलेले रक्त स्वतःलाच लागण्याच्या शक्यतेचे वैद्यकीय साहित्यातील अंदाज ४०० मध्ये १ पासून २ लाखांत १ पर्यंत विखुरलेले आहेत. इतक्या पसरट अंदाजावर कोणतीही विमा कंपनी हप्ता ठरवणार नाही.

हे मी त्या प्रतिनिधीला विचारले. तो गोंधळला नाही. त्याने पान उलटले. पुढचे पान ‘भविष्यातील उपचार’ या मथळ्याचे होते. रक्ताच्या एका थेंबातून हृदय, मूत्रपिंड, मेंदू आणि स्वादुपिंड उमलत असल्याचे चित्र, आणि खाली ओळ अशी की आपल्या बाळाच्या स्वतःच्या पेशींपासून उद्या त्याचेच अवयव तयार होऊ शकतील. माझ्या मते या सेवेचे खरे परीक्षण याच पानावर करायला हवे, कारण पालक पैसे मोजतात ते मुख्यतः या पानासाठी.

रुग्णाच्याच जनुकांच्या पेशी तयार करून त्यांतून ऊती आणि कदाचित अवयव घडवावेत, ही कल्पना वैद्यकीय क्लोनिंगच्या संशोधनाची आहे. जुलै १९९६ मध्ये एडिंबराजवळच्या रोझलिन संस्थेत डॉली मेंढी जन्मली, तेव्हा स्वतःचे केंद्रक काढून टाकलेल्या स्त्रीबीजात पूर्ण वाढलेल्या पेशीचे केंद्रक घातले तर ती पेशी पुन्हा आरंभापासून सुरुवात करू शकते, हे सस्तन प्राण्यात दिसले. त्याच मार्गाने मानवी गर्भाची अगदी सुरुवातीची अवस्था तयार करायची, तिला गर्भाशयात न ठेवता तिच्यातील स्टेम सेल काढायच्या आणि त्या रुग्णाला द्यायच्या, असा तो बेत होता. अशा पेशींत शरीरातली कोणतीही पेशी होण्याची क्षमता असते. नाळेतील रक्ताच्या पेशींना ती नसते. त्या रक्ताच्या घराण्याच्या आहेत आणि प्रत्यारोपणानंतर रक्तच तयार करतात. नाळेच्या रक्ताच्या पाकिटावर क्लोनिंगच्या संशोधनाची आश्वासने छापलेली आहेत, हे त्या पानाचे सरळ वर्णन होईल.

शिवाय ज्या दिवशी ती आश्वासने खरी होतील, त्या दिवशीही ही पिशवी बहुधा लागणार नाही. जपानच्या शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या त्वचेतील साध्या पेशींना मोजकी जनुके घालून जवळजवळ गर्भपेशींची क्षमता परत मिळवून दिली. त्यासाठी २०१२ चे नोबेल पारितोषिक त्यांना आणि केंद्रक-प्रत्यारोपणाचे आद्य प्रयोग करणाऱ्या जॉन गर्डन यांना विभागून मिळाले. त्या पद्धतीला स्त्रीबीज लागत नाही, गर्भ लागत नाही आणि जन्माच्या वेळी जपलेले काहीही लागत नाही. चाळीस वर्षांच्या माणसाच्या त्वचेचा तुकडा किंवा दंडातून काढलेले रक्त पुरते. प्रतिनिधीला यामानाका हे नाव ठाऊक होते, याचे मला कौतुक वाटले. यामानाका यांच्या शोधाने आपल्याच मालाची गरज कमी होते, हे मात्र त्याला कोणी सांगितलेले नव्हते.

प्रतिनिधीचा आणखी एक मुद्दा नैतिक होता आणि त्याने तो अभिमानाने मांडला. क्लोनिंगमध्ये भ्रूण नष्ट होतो, स्त्रियांकडून बीजे घ्यावी लागतात, म्हणून त्यावर जगभर वाद आहेत. नाळेतील रक्त तर एरवी कचऱ्यात जाते, त्यामुळे इथे कोणाचेही काही जात नाही, असे त्याचे म्हणणे. पहिल्या अर्ध्या भागाशी वाद घालण्याचे कारण नाही. दक्षिण कोरियाच्या ह्वांग वू-सुक यांनी २००४ आणि २००५ मध्ये मानवी क्लोन केलेल्या भ्रूणांतून स्टेम सेल मिळवल्याचा दावा केला. तो बनावट निघाला आणि जानेवारी २००६ मध्ये दोन्ही शोधनिबंध मागे घेण्यात आले. त्या प्रकरणाची जास्त बोचणारी बाजू अशी की या प्रयोगांसाठी दोन हजारांहून अधिक स्त्रीबीजे वापरली गेली होती, काही स्त्रियांना त्यांचे पैसे दिले गेले होते आणि बीजे देणाऱ्यांत खुद्द प्रयोगशाळेतील कनिष्ठ संशोधिका होत्या. वरिष्ठासमोर त्यांची संमती किती मोकळी होती, हा प्रश्न क्लोनिंगच्या नीतिशास्त्रात तेव्हापासून कायमचा आला. आपल्याकडे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या स्टेम सेलविषयक २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मूल जन्माला घालण्यासाठीचे मानवी क्लोनिंग निषिद्ध आहे, तर संशोधनासाठी केंद्रक-प्रत्यारोपणातून पेशींच्या वंशमालिका (प्रयोगशाळेत वाढत राहणारे पेशींचे संच) तयार करण्याचे काम कडक परवानगीच्या गटात ठेवलेले आहे. २००५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मानवी क्लोनिंगच्या सर्व प्रकारांविरुद्ध जाहीरनामा केला, तेव्हा भारताने त्या जाहीरनाम्याच्या विरोधात मत दिले होते.

‘कोणाचेही काही जात नाही’ हे विधान मात्र प्रसूतिगृहात टिकत नाही. बाळ बाहेर आल्यावर नाळेला लगेच चिमटा न लावता थोडे थांबले, तर वारेतील रक्त बाळाकडे वाहत राहते. पूर्ण दिवसांच्या बाळाला अशा रीतीने साधारण ८० ते १०० मिलिलिटर रक्त मिळते आणि त्यातील लोह पुढचे काही महिने पुरते. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस किमान एक मिनिट थांबण्याची आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात सहा महिने ते पाच वर्षे वयाची सुमारे ६७ टक्के मुले रक्तक्षयी आढळली, त्या देशात हे रक्त कचरा ठरत नाही. ते बाळाचेच असते आणि जितके बाळाला जाईल तितके पिशवीत कमी उतरते.

आमच्या डॉक्टरबाईंनी हे आधीच स्पष्ट सांगितले होते. ‘मी आधी बाळाला देणार, मग उरेल ते तुमच्या पेटीला,’ असे त्या म्हणाल्या आणि त्यांनी नाळेचे ठोके थांबेपर्यंत वाट पाहिली. मी खोलीत होते. बाळ आईच्या पोटावर, नाळ अजून जोडलेली, परिचारिकेच्या हातात पिशवी तयार, आणि ती नजरेने डॉक्टरांना विचारते आहे की आता लावू का चिमटा. दुसरे डॉक्टर असते आणि त्यांना संकलनामागे काही मानधन मिळत असते तर त्या नजरेला काय उत्तर मिळाले असते, हे मी सांगू शकत नाही. असे मानधन आमच्या डॉक्टरबाई घेत नाहीत. हेही त्यांनी न विचारता सांगितले. साठवणुकीचा विचार करणाऱ्या प्रत्येक जोडप्याने हा प्रश्न आपल्या डॉक्टरांना विचारावा, संकोच बाळगू नये. कंपनीच्या संकलन-सूचनांत नाळ केव्हा बांधावी याबद्दल एक अक्षरही नव्हते आणि ‘जास्तीत जास्त रक्त मिळेल याची काळजी घ्यावी’ हे वाक्य मात्र दोनदा होते.

आमच्या पिशवीत ४२ मिलिलिटर रक्त उतरले. अहवालात पेशींची एकूण संख्या ३८ कोटी दिली होती, त्याखाली हिरव्या रंगात ‘यशस्वीपणे साठवले’ असा शेरा होता आणि सोबत बाळाच्या नावाचे, फ्रेम करून भिंतीवर लावता येईल असे प्रमाणपत्र होते. त्या संख्येचा अर्थ अहवालात कुठेच नव्हता, म्हणून तो इथे देते. प्रत्यारोपणासाठी रुग्णाच्या वजनाच्या दर किलोमागे निदान अडीच कोटी पेशी असाव्यात, असा रूढ मापदंड आहे. ३८ कोटींना अडीच कोटींनी भागले की पंधरा किलो येतात. सामान्य वाढीच्या मुलाचे वजन चौथ्या वाढदिवसाच्या सुमारास तेवढे होते. शिवाय गोठवलेल्या पेशी वितळवताना काही मरतात. मोठ्या रुग्णांना दोन वेगवेगळ्या बाळांचे रक्त मिळून देण्याची पद्धत आहे, पण तिच्यासाठी दुसरी जुळणारी पिशवी शोधावी लागते. म्हणजे पंचाहत्तर वर्षांसाठी विकलेली ही साठवण एकटीच्या बळावर पहिल्या चार वर्षांपुरती आहे. जावयाने हे गणित ग्राहकसेवेला कळवले, तेव्हा ‘आपला नमुना आमच्या साठवणुकीच्या किमान निकषात बसतो’ असे उत्तर आले. साठवणुकीचा निकष आणि उपचाराचा निकष एकच आहे का, या प्रश्नाला अद्याप उत्तर आलेले नाही. प्रक्रियेचे शुल्क परत न करण्याचे कलम करारात आहेच.

करार एकवीस पानांचा आहे आणि तो इंग्रजीतच मिळतो. मराठी प्रत मागितली असता नाही म्हणून सांगण्यात आले. त्यातील दोन गोष्टी इथे नोंदवते. मूल अठरा वर्षांचे होईपर्यंत पेशींबाबतचे निर्णय पालक घेतात आणि हप्ते थकले तर पेशी ‘संशोधनासह इतर योग्य कारणांसाठी’ वापरण्याचा हक्क कंपनीकडे जातो. कोणते संशोधन, कोणाच्या नैतिक समितीच्या मान्यतेने, आणि पुढे त्या मुलाला कळवणार की नाही, यावर करार गप्प आहे. ह्वांग प्रकरणात संमतीच्या प्रश्नावर साऱ्या जगाने बोट ठेवले. इथे थकलेल्या हप्त्याला संमती मानले आहे. दुसरी गोष्ट पेशी निकामी झाल्यास द्यायच्या भरपाईची. तिची कमाल मर्यादा भरलेल्या रकमेइतकीच आहे. पेशी उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवतात आणि ते तापमान अखंड राखणे हाच या बँकेचा सारा धंदा. सिंगापूरच्या आरोग्य मंत्रालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये तेथील एका खासगी बँकेच्या टाक्यांचे तापमान वाढून दोन हजारांहून अधिक ग्राहकांची साठवण खराब झाल्याचे जाहीर केले होते. चाळीस वर्षांनंतर एखाद्या कंपनीच्या टाकीची नोंदवही कोण तपासणार, हा प्रश्न विकत घेताना कोणी विचारत नाही, कारण पिशवी उघडण्याची वेळ जवळजवळ कोणावरच येत नाही.

या सर्वांत माझा सर्वांत मोठा आक्षेप असा की ज्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मार्गदर्शक तत्त्वांचे पालन करत असल्याचे पत्रकाच्या मागच्या पानावर छापले आहे, त्याच तत्त्वांत स्वतःच्या भावी वापरासाठी नाळेतील रक्त जपण्याला सध्या शास्त्रीय आधार नाही, असे स्वच्छ लिहिले आहे. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेनेही २०१८ च्या निवेदनात जैविक विमा म्हणून अशी साठवण करू नये, असे म्हटले. परिषदेच्या तत्त्वांनुसार देशात परवानगी फक्त नाळेतील रक्ताच्या साठवणुकीला आहे. नाळेचा तुकडा, वार, दात यांच्या व्यापारी साठवणुकीला नाही. तरीही अहवाल आल्यानंतर महिन्याभराने आम्हाला नाळेच्या ऊतीच्या ‘प्रीमियम’ योजनेबद्दल विचारणा झाली. नाळ तोपर्यंत कुठे होती, हे फोन करणाऱ्या मुलीला विचारणे मला क्रूर वाटले, म्हणून विचारले नाही.

पत्रकात ऑटिझम आणि सेरेब्रल पाल्सी यांचा उल्लेख ‘संशोधन सुरू’ या सदरात आहे. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाने ऑटिझम असलेल्या मुलांना नाळेतील रक्त देऊन केलेल्या तुलनात्मक चाचणीचे निकाल २०२० मध्ये आले. सामाजिक संवादाच्या मुख्य निकषावर औषध नसलेला द्राव दिलेल्या मुलांपेक्षा या मुलांत सरस सुधारणा दिसली नाही. सेरेब्रल पाल्सीत हालचालींबाबत काही आशादायक निष्कर्ष आहेत, पण ते चाचण्यांच्याच पातळीवर आहेत. पालकांची सर्वांत हळवी जागा ओळखून ही दोन नावे छापली आहेत, असे माझे मत झाले आहे.

या योजनेला जोडून ‘सामुदायिक साठवण’ दिली जाते, म्हणजे सभासदांनी परस्परांच्या पिशव्या वापरायच्या. वैयक्तिक साठवणुकीपेक्षा ही कल्पना शास्त्राला धरून आहे, कारण उपयोगी पडते ते दुसऱ्याचे रक्त हे तिने मान्य केले आहे. एकदा ते मान्य केले की साठा सर्वांसाठी खुला का नसावा, हा प्रश्न उरतो. ज्या थॅलेसेमियाग्रस्त मुलाचे आईवडील दर पंधरा-वीस दिवसांनी त्याला रक्त चढवायला ससूनसारख्या सार्वजनिक रुग्णालयात आणतात, ते या समुदायाचे सभासद नसतात. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या २०१७ च्या निवेदनानुसार सार्वजनिक बँकेतील पिशवी वापरली जाण्याची शक्यता खासगी बँकेतील पिशवीपेक्षा किमान तीसपट आहे.

एका प्रकारच्या कुटुंबाला मात्र मी ही सेवा घेऊ नका असे सांगणार नाही. घरात थॅलेसेमिया, सिकलसेल किंवा प्रत्यारोपणाने बरा होणारा दुसरा रक्तविकार असलेले मोठे मूल असेल आणि आई पुन्हा गरोदर असेल, तर येणाऱ्या भावंडाच्या नाळेतील रक्त जपणे योग्य आहे आणि परिषदेची तत्त्वेही हाच अपवाद करतात. सख्ख्या भावंडांचे ऊतिगट, म्हणजे प्रत्यारोपणासाठी जुळावी लागणारी पेशींवरची ओळखखूण, पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते. अशा कुटुंबाने बँकेच्या प्रतिनिधीला बोलावण्याआधी मोठ्या मुलाच्या रक्तविकारतज्ज्ञांना भेटावे. पोटातल्या बाळाची गर्भजल किंवा वारेच्या नमुन्यावरून तपासणी झाली आहे का, रोगी मुलाच्या आजच्या वजनाला किती पेशी लागतील, पेशी कमी पडल्यास धाकट्याचा अस्थिमज्जाही घेता येईल का आणि तो कोणत्या वयात, हे प्रश्न त्यांच्याकडून लिहून घ्यावेत आणि तो कागद बँकेच्या कराराला जोडायला लावावा.